मुलांचा छोटा नाडेप

सौंदडच्या (ता. सडक अर्जुनी) शिवारात धान कापून मळणी झाली की घरोघरी तणस उरते. परसात मुलांसोबत खत करायला याहून सोपा माल नाही.

पद्धतही विदर्भातलीच आहे. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. मूळ टाके विटांचे, 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. हवा खेळावी म्हणून भिंतींत भोके ठेवलेली. मुलांसाठी तीन फुटी चौकोन पुरे, तोही फुटक्या विटांचा.

खाली काड्या, वर वीतभर कापलेली तणस, त्यावर शेणकाला, भाजीची देठे-साली, मग मूठभर माती. असेच थर चढवायचे. नुसती तणस लवकर कुजत नाही, कारण तिच्यात कार्बन फार आणि नत्र कमी. शेण आणि हिरवा पाला ती उणीव भरून काढतात. तेलकट उष्टे, मटण-मासळी मात्र नको, उंदीर-कुत्री येतात.

ओल मुलांनीच तपासावी. मूठभर माल दाबला की बोटे ओली व्हावीत, पाणी टपकू नये. चार-पाच दिवसांनी ढिगात लोखंडी सळई खुपसा, थोड्या वेळाने काढून मुलांच्या हातात द्या. ती कोमट लागते! न दिसणारे जिवाणू आत जेवताहेत, हे तेव्हा सांगावे; फळ्यावर सांगून ते पटत नाही. आंबूस वास आला तर कोरडी तणस मिसळून ढीग सैल करा. नंतर हात साबणाने धुवायचेच.

तीन-चार महिन्यांत खत काळे, भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो.