‘घेऊन टाकू का रे एक्स्टेंडेड वॉरंटी?’

शनिवारी दुपारी लॅब चालू होती आणि पप्पांचे ३ मिस्ड कॉल. घरून सलग ३ कॉल आले की पोटात गोळाच येतो. बाहेर येऊन फोन लावला, तर मागे शोरूममधली गाणी, आईचा आवाज आणि पप्पा एकदम हळू आवाजात, "अरे, हा पोरगा म्हणतोय एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या. साडेतेरा हजार. आत्ताच सांगायचंय. तू मेकॅनिकलला आहेस की, सांग, घेऊ का नको?"

थर्मोडायनॅमिक्सला एटीकेटी लागलेल्या पोराला बापाने इतक्या विश्वासाने काही विचारावं, हेच भारी होतं. पण मला काही म्हणजे काही सांगता आलं नाही. म्हटलं, "पप्पा, तुम्ही आज नका घेऊ. रात्री सांगतो."

आमच्या घरातली ही पहिली नवी गाडी. त्याआधी सेकंडहँड होती, आणि तिचा एसी कॉम्प्रेसर भर मे महिन्यात गेला होता. तेव्हापासून पप्पांना ‘खर्च निघाला’ या शब्दांचीच धास्ती आहे. साडेतेरा हजार म्हणजे ताईच्या क्लासचा एक हप्ता. त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात गंमतीचा नव्हता. तुमच्याही घरी कधीतरी हा फोन येणार. आणि ‘तू शिकलेला आहेस’ म्हणून तुम्हालाच येणार.

त्या रात्री आम्ही मेसच्या टेबलावर कागद घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, वॉरंटी म्हणजे इन्शुरन्स नव्हे. घरच्यांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. गाडी ठोकली, चोरीला गेली तर तो इन्शुरन्सचा विषय. एखादा पार्ट आपणहून बिघडला, बनवण्यातच खोट निघाली, तर वॉरंटी. आणि ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, वायपर, फिल्टर हे वापरून झिजतंच, ते दोन्हीकडे नाही. त्यासाठी आपला खिसा. पुराच्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनात पाणी गेलं, तर वॉरंटीवाले हात वर करतात. त्यासाठी इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. आम्ही सांगलीचे. २०१९ चा पूर बघितलाय. साडेतेरा हजारांवर डोकं खाजवण्याआधी पॉलिसीत ते ॲड-ऑन आहे का, हे बघा म्हणून आधी पप्पांना सांगितलं.

दुसरी गोष्ट, गाडीसोबत फुकट मिळणारी वॉरंटी हल्ली बऱ्यापैकी मोठी असते. मारुती सुझुकीने २०२४ च्या जुलैपासून ती २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. आता या ‘किंवा’कडे नीट बघा. पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘जे आधी होईल ते’. सगळी गंमत तिथे आहे.

माझा मावसभाऊ नाशिकला सेल्समध्ये आहे. वर्षाला ४० हजार किलोमीटर आरामात. त्याची १ लाखाची वॉरंटी अडीच वर्षांतच संपते. त्याने ५ वर्षं किंवा १ लाख ४० हजार किलोमीटरची एक्स्टेंडेड घेतली, तरी साडेतीन वर्षांत मीटर तिथे पोचतो. म्हणजे कागदावर २ वर्षं वाढली, हातात आलं १. आणि आमचे पप्पा? शाळा, मार्केट, वर्षातून दोनदा कोल्हापूर आणि एकदा पंढरपूर. वर्षाला फार तर ७ हजार किलोमीटर. ५ वर्षांनंतरही मीटर ३५ हजारांवर असणार.

माझा रूममेट कॉमर्सचा. त्याने एक्स्पेक्टेड व्हॅल्यू काढली. चौथ्या-पाचव्या वर्षात ४० हजारांचं एक मोठं काम निघेल असं धरलं (हा आकडा आमचा, अंदाजाचा), तर साडेतेरा हजार वसूल व्हायला ते काम निघण्याची शक्यता तीनात एक तरी हवी. साध्या मॅन्युअल पेट्रोल गाडीत, एवढ्या कमी रनिंगला, तीनात एक? मला तरी पटत नाही. आम्हाला रिलायबिलिटीमध्ये बाथटब कर्व्ह शिकवतात. वस्तू नवी असताना बिघाड जास्त, मग बरीच वर्षं कमी, आणि म्हातारी झाली की परत जास्त. सुरुवातीचे बिघाड फुकटच्या वॉरंटीत निघून जातात. म्हातारपणाच्या आधी एक्स्टेंडेड बहुतेकदा संपलेली असते. आपण पैसे देतो ते टबच्या सपाट तळाचे. (परीक्षेत हा कर्व्ह काढून ४ मार्क मिळाले होते, त्याचा घरी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.)

पण मावसभावाची गाडी टर्बो आहे, ऑटोमॅटिक आहे. तिथे गणित फिरतं. टर्बोचार्जर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मोठी टचस्क्रीन, स्टिअरिंगची मोटर, यातलं एक जरी गेलं तरी बिल बघून घाम फुटतो. तो रोज गाडी पळवतो, ती बंद पडली तर त्याचं काम बंद. त्याला मी डोळे झाकून ‘घे’ म्हटलं असतं. आता गंमत अशी, की जास्त पळवणारे लोकच ही वॉरंटी जास्त घेणार, त्यांचे क्लेम जास्त येणार आणि किंमत त्या हिशोबाने ठरणार. याला इकॉनॉमिक्सवाले ॲडव्हर्स सिलेक्शन म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफने १९७० मध्ये सेकंडहँड गाड्यांच्या बाजारावर लिहिलेल्या पेपरमधून हा विषय पुढे आला आणि २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आमच्या भाषेत सांगायचं, तर मावसभावाच्या गिअरबॉक्सचे पैसे पप्पांनी का भरायचे?

कागदावरची काही वाक्यं मात्र वाचलीच पाहिजेत. वॉरंटी नक्की कोणाची आहे, गाडी बनवणाऱ्या कंपनीची की फक्त त्या डीलरची? डीलरची असेल, तर दुसऱ्या गावात बंद पडल्यावर तिचा उपयोग काय आणि उद्या डीलरने दुकान गुंडाळलं तर काय? फुकटच्या वॉरंटीत असलेले सगळे पार्ट वाढीव वॉरंटीतही आहेत का? बऱ्याचदा यादी आकसते. मजुरी धरलीय का? क्लेमला वरची मर्यादा आहे का? आणि सर्व्हिसिंग ठरलेल्या वेळी, अधिकृत वर्कशॉपमध्येच हवं, नाहीतर क्लेम अडतो. कोपऱ्यावरच्या दुकानात वायरी कापून म्युझिक सिस्टीम टाकली किंवा बाहेरून सीएनजी किट बसवलं, तरी अडतो. तो सेल्समन यातलं काही सांगत नाही असं नाही, विचारलं तर सांगतो. आपणच विचारत नाही. आणि कागदावर असलेलं कव्हर कोणी नाकारलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

रात्री साडेदहाला पप्पांना फोन केला. सगळं सांगितलं. टबचं सांगितलं नाही.

"म्हणजे नको म्हणतोस."

"आत्ता नको. त्याला विचारा, फुकटची वॉरंटी संपायच्या आधी नंतर कधीही घेता येते का आणि किती वाढते."

सोमवारी त्यांनी विचारलं. घेता येते. दर वर्षी थोडी महाग होत जाते, पण येते. ‘आत्ताच’ हा शब्द त्या पोराच्या टार्गेटचा होता. त्याचाही महिनाअखेर असतो, राग कसला धरायचा!

आईला मात्र हे पटलेलं नाही. तिचं म्हणणं, "साडेतेरा हजारांत तुझ्या पप्पांना ५ वर्षं झोप लागली असती, त्याचा हिशोब तुझ्या कागदावर कुठाय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकदम ४० हजार निघाले तर कोणाच्या घरात हसत भरतील आणि कोणाच्या घरात सोनं गहाण पडेल, हे फॉर्म्युल्यात बसत नाही. ज्यांना तो एक फटका झेपणारच नाही, त्यांनी गणितात तोटा दिसत असूनही वॉरंटी घेतली तर मी त्यांना येडं म्हणणार नाही. आमच्याकडे मधला मार्ग निघाला. ताईने पोस्टात महिना ५०० रुपयांची आरडी काढून दिली. पासबुकाच्या कव्हरवर पप्पांनी स्केचपेनने ‘गाडी’ असं लिहिलंय.

८ महिन्यांनी गाडी सकाळी चालूच होईना. पप्पांचा फोन, आवाज पडलेला. "घ्यायला पाहिजे होती रे वॉरंटी."

बॉनेट उघडलं तर उंदराने वायरी कुरतडलेल्या. उंदीर कुठल्याच वॉरंटीत बसत नाही, ना फुकटच्या, ना साडेतेरा हजारांच्या. वर्कशॉपवाल्याने हे सांगितल्यावर पप्पा चक्क खूश झाले. आता पार्किंगमध्ये डांबरगोळ्या टाकतात आणि फुकटची वॉरंटी संपायची तारीख कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवलीय. त्याच्या ३ महिने आधीची तारीख लाल पेनने. त्या दिवशी मला परत फोन येणार आहे.