जुन्या जीपची गादी आणि पायाखालचा पत्रा

प्रकाशा गाव तापीच्या काठी आहे. सातपुड्यातून येणारी गोमाई नदी येथेच तापीला मिळते. केदारेश्वराच्या दर्शनाला लांबलांबून माणसे येतात. गावाभोवती काळी जमीन आहे. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल. अशा गावात एखादी जुनी जीप असली, तर तिला काय काय सोसावे लागते पाहा. वैशाखात पत्र्याला हात लावता येत नाही. श्रावणात चिखलाचे पाय आत चढतात. वर खताच्या गोण्या, कापसाची गाठोडी आहेतच.

मग एके दिवशी घरातले कोणी म्हणते, "गादी फाटली. आतला काथ्या टोचतो. नवे रेक्झिन टाकू या." कुशनवाल्याकडे गाडी दिली तर मजुरी बरीच होते. घरी हे काम करता येईल का? येईल. थोडी हत्यारे, दोन माणसे आणि चार कोरडे दिवस हवेत. मात्र सुरुवात गादीपासून करू नका. सुरुवात पायाखालून करा.

असे का, ते सांगतो.

जीप ही गाडी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी तयार झाली. १९४१ ते १९४५ या काळात अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. नंतर १९४९ मध्ये मुंबईत माझगावला महिंद्रांनी तशीच जीप जोडायला सुरुवात केली. या गाडीत सतरंजी नव्हती, गालिचा नव्हता. पायाखाली नुसता पत्रा असे. काटकसर तर होतीच, पण त्यात शहाणपणही होते. उघड्या गाडीत पाणी येणारच. सैन्याच्या जीपमध्ये ते वाहून जावे म्हणून तळाला भोके ठेवलेली असत. पाणी आले, गेले, पत्रा वाळला.

आपण काय केले? पत्रा तापतो, आवाज करतो, म्हणून वर जाड चटई टाकली. कोणी खाली गोणपाट घातले. कोणी स्पंज चिकटवला. तळाची भोके चिखलाने बुजली. आता चटईखाली ओल राहते. काळ्या जमिनीत ओल टिकली की शेतकऱ्याला आनंद होतो. पत्र्याला मात्र ती ओल खाऊन टाकते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. वरून चटई नवी दिसते आणि खाली पत्र्याची चाळण होते!

चाळण झाली तर बिघडले कोठे? पाय खाली जाईल हे एक. दुसरे याहून वाईट. गाडीच्या तळाखालून धुराचा पाईप जातो. तो फुटका असला, तर धूर भोकांतून आत येतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, गुंगी येते. वायू जास्त झाला तर माणूस मरतो. ताडपत्री बंद करून पावसात चाललेल्या गाडीत मागे लेकरे झोपलेली असतात. म्हणून म्हणतो, आधी पायाखाली पाहा.

आता कामाला लागू. पहिल्यांदा बॅटरीची तार काढा. उणे खूण असलेली तार आधी, अधिक खुणेची नंतर. जुन्या नमुन्याच्या लहान पेट्रोल जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखालीच असते. बैठक उचलली की टाकी उघडी पडते. तेव्हा गाडी मोकळ्या हवेत उभी करा. जवळ विडी नको, चूल नको, कंदील नको. या बाबतीत हयगय नको.

बैठकीचे बोल्ट गंजून बसलेले असतात. त्यांवर थोडे ऑईल सोडा आणि रात्रभर राहू द्या. जोर करून बोल्टचे डोके मोडू नका. कोणता बोल्ट कोठला, हे कागदावर लिहून पुड्या बांधा. लिहिता येते, त्याचा असाही उपयोग आहे!

मग चटई, गोणपाट, स्पंज, सगळे बाहेर काढा. माती खरवडा, तळाची भोके तारेने मोकळी करा. दोन-तीन दिवस कडक ऊन लागू द्या. मग पेचकसाचे टोक पत्र्यावर जागोजाग दाबून पाहा. टणक लागले तर गंज वरवरचा आहे. टोक आत गेले तर तेथे पत्रा मेला आहे. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून काढा. नाकातोंडाला फडके बांधा. धूळ पुसून रेड ऑक्साईडचा हात द्या. तो वाळला की वर रंगाचे दोन हात द्या. सांधे आणि कोपरे नीट भरा, गंज तेथूनच सुरू होतो. जेथे पत्रा मेला आहे तेथे जोड लावावा लागेल. ते काम वेल्डिंगवाल्याचे. टाकी गाडीतून काढून दूर ठेवल्याशिवाय त्याला ठिणगी पाडू देऊ नका. रिकामी टाकीसुद्धा भडकते, कारण आत पेट्रोलची वाफ असते.

एवढे झाले म्हणजे गादीकडे वळावे. घरची गादी आपण पिंजाऱ्याकडून पिंजून घेतो. गाडीची गादी तशीच, फक्त तिला लोखंडी चौकट असते. चौकटीवर स्प्रिंगा, त्यांवर तरट, तरटावर काथ्या किंवा फोम आणि सर्वांत वर रेक्झिन. काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचा धागा. तो हवा खेळू देतो. पण जुना झाला की मोडतो आणि टोचतो. मोडलेला काथ्या टाकून द्या. कापूस भरू नका. खानदेशात कापूस भरपूर, म्हणून मोह होतो. पण भिजला की त्याचे गोळे होतात आणि तो लवकर वाळत नाही.

जुनी खोळ फाडून फेकू नका. ती तुमचा नकाशा आहे. ब्लेडने टाका टाका उसवा. प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहा: पुढचा, मागचा, डावा, उजवा. ते तुकडे नव्या रेक्झिनवर पसरून कापा. शिलाईची अर्धा इंच कड धरायला विसरू नका. घरच्या मशीनला जाड रेक्झिन झेपत नाही, सुई मोडते. कापलेले तुकडे मोच्याकडून किंवा कुशनवाल्याकडून शिवून घ्यावे. दोरा नायलॉनचा हवा. सुती दोरा ओलीने कुजतो. टाके फार जवळ नकोत, नाहीतर रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखे टाक्यांवर फाटते.

शिवलेली खोळ अर्धा तास उन्हात ठेवा. ती नरम पडते. मग चौकटीवर चढवा. आधी मध्यभागी ताणून अडकवा, कोपरे शेवटी. उलटे केले तर चुण्या पडतात. बैठक बसवताना बोल्ट पक्के आवळा. गचका बसला की सैल बैठक माणसासकट पुढे येते. आणि हो, बैठकी वाढवू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे गाडीच्या कागदांवर जे लिहिले आहे त्याच्या बाहेर परवानगीशिवाय बदल करता येत नाही.

बंद मोटारीत एक काम जास्त असते. मुंबईत कुर्ल्याला पूर्वी बनणारी पद्मिनी काही घरांत अजून आहे. अशा गाडीच्या दाराला आतून पुठ्ठा असतो. काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोटात उतरते आणि खालच्या भोकांतून बाहेर पडते. पुठ्ठा आणि दार यांमध्ये प्लास्टिकचा कागद असतो. तो फाटला की पुठ्ठा फुगतो. पुठ्ठा नवा लावाल तर हा कागदही नवा लावा. दाराची भोके उघडी आहेत ना, ते पाहा.

आता राहिली चटई. रबराची घ्या, धुता येते. ती चिकटवू नका. पण सरकेल अशीही ठेवू नका. कडेला दोन-चार बटणे किंवा स्क्रू लावून पकडा. ब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटर यांच्याभोवती चटई मोकळी कापा. पायदान पूर्ण दाबून पाहा, चटई कोठे अडते का. ही बाब लहान वाटेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ऑगस्ट २००९ मध्ये एका मोटारीत दुसऱ्याच गाडीच्या मापाची चटई टाकली होती. तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला. गाडी थांबेना. आतली चारही माणसे मेली. त्यानंतर टोयोटा कंपनीने सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चटया काढून ठेवायला सांगितले.

पहिला मोठा पाऊस झाला की चटई उचलून हात फिरवा. ओले लागले तर पाणी येते कोठून ते शोधायचे. एकाने आत बसावे. काचेच्या चौकटीखाली कोरडे वर्तमानपत्र पसरावे. दुसऱ्याने बाहेरून तांब्याने हळूहळू पाणी ओतत जावे, आधी खाली, मग वर. कागदावर पहिला ठिपका जेथे उमटेल, तेथले रबर बदलायचे.