काटा नको म्हणणाऱ्या पोरांसाठी चिलापीचे कुरकुरीत तुकडे. सोबत ठेच्याचे झणझणीत डिप, घरीच करा

भिगवण : उजनी धरणाच्या काठावर मासळीला तोटा नाही. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांत धरणाचे पाणी पसरलेले आहे आणि काठच्या गावांत आठवड्यातून एकदा तरी माशाचे कालवण होतेच. पण अनेक घरांत तेच दृश्य दिसते. मोठी माणसे भाकरी कुस्करून कालवण ओरपतात आणि लहान पोरं मात्र 'काटा लागतो' म्हणून ताट बाजूला सारतात. त्याच पोरांना शहरातल्या हॉटेलातले ब्रेडचा चुरा लावून तळलेले माशाचे तुकडे मात्र आवडीने खायचे असतात.

हे तुकडे घरी करणे अवघड नाही. त्यासाठी महागडा समुद्रातला मासाही लागत नाही. उजनीत भरपूर सापडणारी आणि खिशाला परवडणारी चिलापी या कामाला चांगली.

चिलापीच का?

रोहू, कटला हे मासे चवीला उत्तम, पण त्यांच्या मांसात बारीक दुफाटी काटे विखुरलेले असतात. कितीही साफ केले तरी एखादा राहतोच. चिलापीच्या मांसात असे विखुरलेले काटे नसतात. मधला कणा, पोटाकडच्या फासळ्या आणि डोक्याकडच्या भागात मधोमध असलेली बारीक काट्यांची एक ओळ, एवढे काढले की तुकडा मोकळा होतो.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. भारतात ती 1952 मध्ये आणली गेली आणि पुढे तलाव, धरणांत झपाट्याने वाढली. त्यामुळे तिला 'हलका मासा' समजणारे बरेच आहेत. तळलेल्या तुकड्यात मात्र तिचे पांढरे, घट्ट मांस चांगले लागते.

'बिनकाट्याचा मासा' म्हणून कोणी सोललेले, कापलेले तुकडे स्वस्तात देत असेल तर तो कोणता मासा आहे हे विचारावे. थाई मांगूर पाळायला आणि विकायला बंदी आहे. शक्यतो अख्खा मासा पाहूनच घ्यावा. डोळे चकचकीत, कल्ले लालभडक, बोटाने दाबले तर मांस परत वर येणारे, अशी मासळी ताजी.

मासा कापताना

दीड किलो चिलापीतून साधारण अर्धा किलो बिनकाट्याचे मांस निघते. चौघांना तेवढे पुरते. एकेक मासा पाव किलोपेक्षा मोठा असावा, लहान माशात मेहनत जास्त आणि मांस कमी.

कल्ल्याच्या मागे आडवा काप देऊन सुरी कण्याला टेकवून शेपटीपर्यंत न्यावी. दोन्ही बाजूंचे मांस असे सुटे करून फासळ्या आणि कातडी काढावी. मग डोक्याकडच्या भागात मधोमध बोट फिरवावे. टोचणारी ओळ हाताला लागते. तिच्या दोन्ही बाजूंनी काप देऊन ती पट्टी काढून टाकावी. ही पायरी कोणी चुकवू नये, सगळी मेहनत त्यासाठीच आहे. डोके आणि कण्याचे कालवण करता येते, वाया काही जात नाही.

आता दोन बोटे रुंदीचे तुकडे करावेत. चिलापीला कधी कधी मातीचा वास येतो. तुकडे पंधरा मिनिटे ताकात किंवा मीठ-लिंबाच्या पाण्यात ठेवून धुतले की तो बराच कमी होतो. धुतल्यावर स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे करावेत. ओल्या तुकड्याला चुरा धरत नाही आणि तेलही अंगावर उडते.

मसाला आणि तीन ताटल्या

अर्धा किलो तुकड्यांना एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, एक चमचा लाल तिखट, एक मोठा चमचा आले-लसणाची घट्ट वाटण आणि एक चमचा लिंबाचा रस लावून वीस मिनिटे ठेवावे. वाटणात पाणी घालू नये. लिंबात जास्त वेळ राहिले तर मांस भुसभुशीत होते.

मग तीन ताटल्या मांडाव्यात. पहिलीत तांदळाचे पीठ किंवा मैदा, दुसरीत दोन फेटलेली अंडी, तिसरीत दोन वाट्या ब्रेडचा चुरा. प्रत्येकीचे काम वेगळे. पीठ तुकड्याचा ओलावा शोषते, अंडे चुऱ्याला चिकटवून ठेवते आणि चुरा कुरकुरीतपणा देतो. पीठ न लावता थेट अंड्यात बुडवले तर तळताना सगळे कवच सुटून कढईत राहते. अंडे चालत नसेल तर मैद्याची भज्यासारखी घट्टसर पेस्ट वापरावी.

चुरा विकत आणायची गरज नाही. आठ-दहा ब्रेडचे काप तव्यावर मंद आचेवर कडक करून मिक्सरमधून जाडसर फिरवावेत. बेकरीचा टोस्ट वापरला तर तो गोड असल्याने तेलात लवकर काळा पडतो. ब्रेड नसेल तर जाड रवा घ्यावा.

चुरा लावलेले तुकडे ताटात सुटे मांडून दहा मिनिटे ठेवले की कवच घट्ट बसते.

तेल नीट तापले नाही तर

तेल चांगले तापले की चिमूटभर चुरा टाकून पाहावा. तो लगेच बुडबुडे येऊन वर आला पाहिजे. तळाशी बसला तर तेल गार, टाकताच काळा झाला तर जास्त तापले. गरम तेलात तुकड्यातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर येते आणि तेलाला आत शिरू देत नाही. तेल गार असेल तर चुरा तेल पितो. म्हणून एका वेळी पाच-सहाच तुकडे सोडावेत. जास्त टाकले की तेल गार पडते.

तीन-चार मिनिटांत तुकडे सोनेरी होतात. एक मोडून पाहावा, आतले मांस पांढरे होऊन पापुद्र्यांनी सुटले पाहिजे. काढल्यावर एकावर एक रचू नयेत. वाफ कोंडली की कुरकुरीतपणा गेलाच. जाळीवर किंवा चाळणीत सुटे ठेवावेत.

तेच तेल पुन्हापुन्हा वापरू नये. काळपट, चिकट, फेस येणारे तेल टाकून द्यावे. कढईतले तेल पेटले तर पाणी कधीच ओतू नये. गॅस बंद करून वर झाकण घालावे.

ठेच्याचे डिप

एक वाटी दही फडक्यात बांधून दोन तास टांगावे, नाहीतर डिप पाणी सोडते. सहा-सात हिरव्या मिरच्या आणि आठ लसूण पाकळ्या तव्यावर थेंबभर तेलात भाजाव्यात, मीठ, जिरे घालून ठेचाव्यात. हा ठेचा, मूठभर कोथिंबीर आणि चक्का एकत्र कालवले की डिप तयार. पोरांसाठी मिरच्या दोनच घ्याव्यात.

मासे आणि दही-दूध एकत्र खाल्ले तर अंगावर कोड उठते, असा समज गावोगावी आहे. कोड त्याने होत नाही. तरी ज्यांना दही नको, त्यांनी भिजवलेल्या लाल मिरच्या, लसूण आणि भाजलेला टोमॅटो वाटून, तेलात परतून लाल डिप करावे.

एवढे लक्षात ठेवा

- चुरा लावलेले कच्चे तुकडे फ्रीजरमध्ये ठेवता येतात. पण लाइट जाऊन ते विरघळले तर पुन्हा गोठवू नयेत, लगेच तळून संपवावेत.
- लहान मुलांना देताना प्रत्येक तुकडा मोडून बघावा.
- घशात काटा अडकला तर भाताचा किंवा भाकरीचा कोरडा घास गिळायला लावू नये. काटा आणखी खोल रुतू शकतो. त्रास थांबत नसेल तर दवाखाना गाठावा.
- बचत गटाला हे तुकडे विकायचे असतील तर आधी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्यावी.