मागच्या मडगार्डाचा खुळखुळाट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटारसायकलीच्या इंजिनाला जो मान आणि तिच्या चाकांना जी काळजी लाभते, तिचा शतांशही मागच्या मडगार्डाच्या वाट्याला येत नाही. आणि म्हणूनच, पावसाळा सरता सरता प्रत्येक खड्ड्यागणिक पाठीमागून खुळखुळ असा आवाज येऊ लागला, की दहाचा पाना घेऊन हाताला येईल तो नट गच्च आवळून टाकणे हा आपल्याकडे सर्वमान्य इलाज होऊन बसला आहे. ज्याला आपण केवळ चिखल अडविणारा पत्रा समजतो, त्याच्या पुढच्या टोकाला तेवढा चौकटीचा आधार असतो. मागचे लांब शेपूट मात्र अधांतरी राहते, आणि त्या अधांतरी शेपटावरच मागचा दिवा, बाजूचे दिवे, नंबरप्लेट आणि खाली लोंबणारे रबर असा सारा भार टांगलेला असतो. लांब दांड्याच्या टोकाशी बसलेला लहानसा धक्काही मुळाशी कितीतरी पटींनी वाढून पोचतो, आणि तो सोसण्याचे काम चारदोन मामुली बोल्टांकडे असते.

आवळल्याने आवाज जातो, ही पहिली समजूत, आणि सर्वांत अधिक नुकसान हिनेच केले आहे. पुष्कळ गाड्यांत मडगार्डाच्या भोकात आधी रबराचे एक कडे बसविलेले असते आणि त्या कड्याच्या पोटात धातूची एक आखूड नळी असते, जिला मिस्त्री मंडळी बुश म्हणतात. बोल्ट आवळला म्हणजे त्याचा सारा ताण ह्या नळीवर आणि तिच्यामार्फत चौकटीवर येतो; मडगार्ड मात्र रबरात तरंगत राहतो, आणि रबर किती दाबले जावे ह्याचा निवाडा नळीची उंची करते. कालांतराने ऊन, तेल आणि पाणी ह्यांनी रबर कडक होऊन आकसते, आणि गाडी एकदोनदा उघडली गेली की ती लहानशी नळी कोठेतरी गहाळ होते. त्यानंतर बोल्ट आवळणे म्हणजे रबर चिरडून प्लॅस्टिकच्या कडेवरच थेट दाब देणे होय. माझ्या एका स्नेह्याच्या गाडीचे नट एकाच पावसाळ्यात तीन वेळा आवळले गेले, आणि चौथ्या वेळी भोकाभोवती चांदणीच्या आकाराची तड दिसली. उघडून पाहता चारांपैकी दोन नळ्या जागेवर नव्हत्या. झीज रबरात होती, शिक्षा मात्र मडगार्डाला झाली.

हातातल्या जोराचाही अंदाज पुष्कळदा चुकतो. सहा मिलिमीटर व्यासाचा सामान्य पोलादी बोल्ट धातूवर धातू बसविताना सुमारे दहा न्यूटन-मीटर एवढ्याच पिळाचा धनी असतो. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर दहा किलोचा जोर दिला, की तो पीळ पुरा झाला. लांब दांड्याच्या पान्याने अंगाचा भार टाकून आवळणारा मनुष्य ह्या मर्यादेच्या दुप्पट सहज जातो, आणि मग आटे मरतात किंवा बोल्ट मानेशी तुटतो.

दुसरी समजूत स्प्रिंग वॉशरविषयीची. चिरलेले पोलादी कडे नटाखाली घातले की नट सुटत नाही, असे आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलो. परंतु बोल्ट योग्य तेवढा आवळला, की ते कडे सपाट होऊन जाते, आणि त्याच्या अंगची स्प्रिंगशक्ती बोल्टाच्या ताणापुढे नगण्य ठरते. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर ह्या जर्मन अभियंत्याने असे दाखवून दिले, की नट सुटतो तो मुख्यतः सांध्यातील दोन भाग एकमेकांवर आडवे सरकल्यामुळे. त्या सरकण्यात आट्यांमधील घर्षण क्षणभर नाहीसे होते आणि नट कणाकणाने उलटा फिरतो. मडगार्डावरील हेलकावा नेमका ह्याच जातीचा असल्यामुळे येथे आतून नायलॉनचे कडे असलेला नायलॉक नट अधिक उपयोगी पडतो: सांध्याचा ताण कमी झाला तरी तो एकाएकी गळून रस्त्यावर पडत नाही. मात्र प्रत्येक वेळी काढताघालताना त्या नायलॉनची पकड ढिली होत जाते. जो नायलॉक नट बोटांनी सरळ आत जातो, तो सामान्य नटापेक्षा काही अधिक राहिलेला नसतो, सबब तो बदलावा.

कोकणातील खाऱ्या हवेत गाडी चालविणाऱ्यांची तिसरी समजूत अशी, की स्टेनलेस बोल्ट एकदा घातले म्हणजे गंजाची फिर्याद कायमची निकालात निघाली. स्टेनलेस स्वतः गंजाला चांगले तोंड देते हे खरेच. परंतु ओल्या खारट हवेत त्याच्या सान्निध्यात आलेले ॲल्युमिनियम अथवा रंग खरवडलेला पत्रा अधिक वेगाने खाल्ला जातो, कारण दोन भिन्न धातूंमध्ये खारे पाणी आले की त्यांतील दुबळ्या धातूचा बळी जातो. स्टेनलेसच्या नट-बोल्टाचे आटे घासून परस्परांत जामही होतात. बळकटीची कैफियतही अनेकांना उलटी वाटेल: ज्याच्या डोक्यावर 8.8 असा शिक्का असतो, त्या साध्या पोलादी बोल्टाची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन असते, आणि बाजारातील नेहमीच्या ए2-70 दर्जाच्या स्टेनलेसची 700. मडगार्डाच्या कामी हा फरक अडथळ्याचा नाही. स्टेनलेस बेलाशक वापरावे, परंतु आट्यांना जाम न होऊ देणारे वंगण लावून, भिन्न धातू असेल तेथे नायलॉनचा वॉशर मध्ये घालून, आणि वंगणाने घर्षण घटते हे ध्यानात ठेवून हात थोडा हलका ठेवून.

नट सुटू नये म्हणून आट्यांवर टाकण्याचे निळे द्रावण हाही एक उत्तम उपाय आहे; ते हवेच्या अभावी, धातूच्या सहवासात घट्ट होते. परंतु ते एबीएस अथवा पॉलिकार्बोनेटसारख्या प्लॅस्टिकवर ओघळले, तर ताणाखाली असलेल्या त्या प्लॅस्टिकला तडे पाडू शकते; म्हणून प्लॅस्टिकच्या मडगार्डाशी त्याचा संबंध न आलेला बरा.

भोक लांबट झाले असेल तर रुंद, पातळ वॉशर घालून भार पसरवावा, आणि तड गेली असेल तर तिच्या अगदी टोकाशी तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे ती पुढे धावत नाही. बोल्टाच्या लांबीची तपासणी मात्र टाळू नये. चाकाच्या बाजूला बोल्टाचे गोल डोके आणि बाहेर नट अशी मांडणी असावी. कारण दोन माणसे बसून खड्ड्यात गाडी दबली, की टायर वर येतो आणि आत डोकावणारे बोल्टाचे टोक त्याला कापू शकते.

जुन्या बुलेटच्या मालकांसाठी दोन गोष्टी. तिच्यावर पुष्कळ ठिकाणी इंचाच्या मापाचे आटे आहेत. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, आणि तेथे सहा मिलिमीटरचा बोल्ट बसल्यासारखा वाटला तरी पकड घेत नाही. दुसरे असे, की अशा जुन्या गाड्यांत मागच्या दिव्याच्या विजेचा परतीचा मार्ग मडगार्डाच्या पत्र्यातून आणि त्याच्या बोल्टांतून जातो. म्हणून दिवा मंद झाला असता बल्ब बदलण्याआधी त्या बोल्टांखालचा गंज आणि रंग कानसून स्वच्छ करावा, किंवा दिव्यापासून चौकटीपर्यंत एक वेगळी वायर टाकावी. गाडी कोणतीही असो, बदललेले नवे रबर पहिल्या काही दिवसांत बसते, तेव्हा शंभरदीडशे किलोमीटरनंतर पाना पुन्हा एकदा लावून पाहावा, आणि तेव्हाही नळीला टेकताच थांबावे.