मोबाईलमधील संदेशांची प्रत घरीं कशी ठेवावी

धान विकून आलेल्या शेतकऱ्याजवळ पूर्वीं एक कागद असे. वजनाची चिठ्ठी असो, सोसायटीची पावती असो, कीं कर्जाच्या भरण्याची पोच असो, तो कागद घडी करून सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारीं पेटींत जाई, आणि पुढें तंटा पडला तर पेटी उघडली कीं काम भागे. आज हाच व्यवहार बराचसा मोबाईलवरील संदेशांनीं होऊं लागला आहे. आधारभूत किंमतीनें धान देण्यासाठीं केलेली नोंदणी, पीकविम्याच्या अर्जाचा क्रमांक, पी. एम. किसान किंवा नमो शेतकरी योजनेचा हप्ता, कर्जखात्यांतील भरणा, या सर्वांची वर्दी चार ओळींच्या संदेशानें येते आणि यंत्राच्या पोटांत पडून राहते. कागद जिवापाड जपणारे आपण लोक या नव्या पावत्यांविषयीं मात्र फार बेफिकीर आहों. त्यांची दुसरी प्रत बहुतेकांजवळ नसते.

संदेश राहतो कोठें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. मोबाईलवरचा पहिला लेखी संदेश इंग्लंडांत ३ डिसेंबर १९९२ रोजीं नील पॅपवर्थ नांवाच्या तरुण अभियंत्यानें व्होडाफोन कंपनीच्या जाळ्यावरून पाठविला. त्यांत नाताळच्या शुभेच्छांखेरीज कांहीं नव्हतें. एका संदेशास १४० बाइटांची जागा आरंभींच ठरली, ती अजून तेवढीच आहे. तींत रोमन लिपीचीं १६० अक्षरें मावतात, देवनागरीचीं चिन्हें मात्र ७० च; म्हणून मराठींतील लांब संदेश तुकडे होऊन येतो व मोबाईल ते तुकडे जोडून दाखवितो. हा संदेश कंपनीच्या केंद्रांत आपला मोबाईल सुरू होईपर्यंत थांबतो आणि आपल्याकडे पोंचला कीं केंद्राचें काम संपतें. त्यानंतर कंपनीकडे जाऊन "माझा जुना संदेश पुन्हां द्या" म्हणण्यांत अर्थ नाहीं. आपल्याजवळची प्रत तीच काय ती प्रत, आणि ती मोबाईलच्या अंतर्गत साठ्यांतील एका फायलींत असते.

पुष्कळांस वाटतें कीं संदेश सिमकार्डांत असतात, आणि कार्ड काढून नव्या मोबाईलमध्यें घातलें म्हणजे ते मागोमाग येतील. आजच्या स्मार्टफोनांत तसें होत नाहीं. दुसरा समज असा कीं मेमरी कार्ड घातलें आहे म्हणजे सर्व कांहीं त्यांत उतरतें. छायाचित्रें त्यांत ठेवतां येतात हें खरें. संदेश आपोआप त्यांत जात नाहींत.

कोणी विचारील कीं जमा झालेल्या पैशाची नोंद बँकेच्या पासबुकांत असतेच, मग संदेश जपण्याचें कारण काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. जमा झालेल्या रकमेपुरतें पासबुक हेंच श्रेष्ठ, आणि तें वेळच्या वेळीं भरून घ्यावें. परंतु जी रक्कम जमा झालीच नाहीं, तिची नोंद पासबुकांत कोठून येणार? नोंदणी अमुक दिवशीं झाली होती, अर्जास अमुक क्रमांक मिळाला होता, आधार जोडणींतील दोषामुळें हप्ता अडला, तक्रार अमुक तारखेस पोंचली, हें सर्व संदेशांत असतें; आणि तंटा नेमका न मिळालेल्या पैशांचाच असतो.

पीकविम्यांत तर तारखेसच नव्हे, तासासही किंमत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्यें केंद्र सरकारनें जाहीर केलें कीं खरीप २०२६ पासून वन्य प्राण्यांनीं केलेली नासाडी व पाण्याखालीं बुडालेला धान हीं दोन्हीं नुकसानें पंतप्रधान पीकविमा योजनेच्या कक्षेंत घेतां येतील. कोणते प्राणी व कोणते जिल्हे, याची यादी राज्य सरकारांनीं ठरवावयाची, आणि शेतकऱ्यानें ७२ तासांच्या आंत पीकविमा ॲपवर छायाचित्रांसह सूचना द्यावयाची. रानडुकरांनीं एका रात्रींत बांधी उकरून टाकल्याचा अनुभव ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा या भागांत कोणास नाहीं? २०२१ सालीं छत्तीसगडच्या बाजूनें रानहत्तींचा कळपही गडचिरोली जिल्ह्यांत उतरला. अशा प्रसंगीं सूचना ७२ तासांच्या आंत दिली होती, हें दाखविण्यास पोचेचा संदेश फार उपयोगी पडतो, आणि तो मागितला जातो तो कित्येक महिन्यांनीं.

आतां या पावत्या जेथें राहतात त्या यंत्राची स्थिति पाहावी. रोवणीच्या दिवसांत तें कमरेच्या पिशवींत चिखलपाण्यांत असतें, मळणीच्या वेळीं धुळींत असतें, आणि मुलांच्या हातांत तर बारमाही असतें. पडदा फुटला तर दुरुस्ती होते. पाणी मुख्य पाटींत शिरलें तर दुकानदार नवें यंत्र घ्या म्हणतो. शिवाय साठा भरला म्हणून घरांतील एखादा जाणता मुलगा जुने संदेश एका दमांत पुसून टाकतो, तो प्रकार निराळाच.

मोबाईलमध्यें गूगलकडे प्रत पाठविण्याची सोय असते. ती असावी, आणि नसेल तर आजच सुरू करावी. पण तेवढ्यावर विसंबूं नये, असें आमचें मत आहे. त्या प्रतीस जाळें लागतें, आणि पावसाळ्यांत पर्लकोटेचें पाणी पुलावर चढून भामरागडचा रस्ता तुटतो, तशा भागांत जाळ्याचा भरंवसा किती, हें तेथील वाचकांस सांगावयास नको. दुसरें असें कीं ती प्रत हवी तेव्हां उघडून वाचतां येत नाहीं. नवा मोबाईल प्रथम मांडतांना ती त्यांत उतरवावी लागते. आणि सर्वांत अडचणीचा नियम असा कीं जुना मोबाईल ५७ दिवस वापरला गेला नाहीं तर गूगल ती प्रत काढून टाकूं शकतें. आषाढांत मोबाईल बुडाला व नवा घेण्यास धान विकेपर्यंत थांबावें लागलें, तर हे ५७ दिवस भाद्रपदांतच संपून जातात. आपल्या हातांतील, आपल्या पेटींत राहणारी प्रत हवी ती एवढ्यासाठीं.

तिला लागणारें साहित्य थोडें आहे. एक पेनड्राइव्ह, आणि तो मोबाईलला जोडणारी ओटीजी तार. दोन तोंडांचा पेनड्राइव्ह मिळतो, त्याचें एक तोंड संगणकास व दुसरें मोबाईलला बसतें. तो घेतला तर तारेची गरज नाहीं. आपल्या मोबाईलचें छिद्र टाइप-सी आहे कीं जुन्या पद्धतीचें मायक्रो-यूएसबी, हें दुकानांत मोबाईल दाखवूनच ठरवावें. मोठ्या साठ्याचा आग्रह नको. दहा हजार संदेश थोड्याच एमबींत मावतात; बाजारांतील लहानांत लहान पेनड्राइव्हदेखील आपल्या हयातीस पुरून उरेल. कांहीं कंपन्यांच्या मोबाईलांत सेटिंगमध्यें जाऊन ओटीजी चालू करावें लागतें, आणि तें थोड्या वेळानें आपोआप बंदही होतें. पेनड्राइव्ह दिसला नाहीं तर प्रथम हें पाहावें. तो एनटीएफएस पद्धतीनें आंखलेला असल्यास पुष्कळ मोबाईल तो वाचीत नाहींत. संगणकावर एक्सफॅट किंवा फॅट ३२ पद्धतीनें आंखून घ्यावा, मात्र आंखतांना त्यांतील पूर्वींचें सर्व पुसलें जातें.

सॅमसंगचा मोबाईल असेल तर स्मार्ट स्विच हें त्याच कंपनीचें ॲप संदेश थेट पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर उतरवितें. इतर अँड्रॉइड मोबाईलसाठीं सिंकटेक या कंपनीचें एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर हें ॲप प्ले स्टोअरवर आहे. तें उघडून प्रत कशाची हवी तेथें फक्त संदेश निवडावे, प्रत कोठें ठेवावयाची तेथें मोबाईलमधील एखादा फोल्डर दाखवावा, व प्रत घ्यावी. नांवाच्या आरंभीं एसएमएस हीं अक्षरें व पुढें तारीख-वेळेचे आंकडे अशी एक एक्सएमएल फाइल तयार होते. नंतर पेनड्राइव्ह जोडून, मोबाईलमधील फाइल मॅनेजरनें ती फाइल त्यावर नकलावी. हलवूं नये, नकलावी. मोबाईलमधील प्रत तशीच राहूं द्यावी. पेनड्राइव्ह ओढून काढण्यापूर्वीं मोबाईलला "काढा" अशी आज्ञा द्यावी, नाहीं तर अर्धवट लिहिलेली फाइल हातीं येते.

या फायलींत प्रत्येक संदेशाचा मजकूर, पाठविणाऱ्याचें नांव अथवा क्रमांक, संदेश आलेला कीं गेलेला, आणि वेळ असते. वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदाच्या हजारांशांत मांडलेली दिसेल. मितीवारानें चोपडी लिहिणाऱ्यास हा हिशेब विचित्र वाटेल, पण शेजारीं नेहमींच्या तारखेंतही ती दिलेली असते. पाठविणाऱ्याचें नांव विशेष महत्त्वाचें. २०२५ सालच्या ट्रायच्या नियमान्वयें अशा ठोक संदेशांच्या नांवाशेवटीं एक इंग्रजी अक्षर येतें, व सरकारी संदेशास "जी" असतें. पडद्याचें छायाचित्र घेतांना पुष्कळ वेळां हें नांव कापलें जातें आणि नुसता मजकूर उरतो. तसें छायाचित्र कोणाच्या कामाचें नाहीं.

प्रत घेतली म्हणजे काम झालें असें नव्हे. ती उघडते कीं नाहीं हें दुसऱ्या मोबाईलवर अथवा घरच्या संगणकावर एकदां पाहावें, आणि मागील महिन्यांतील एखादा आठवणींतला संदेश त्यांत शोधून पाहावा. व्हॉट्सॲपवरील मजकूर या प्रतींत येत नाहीं, आणि आरसीएस पद्धतीच्या नव्या संदेशांतील कांहीं सुटण्याचा संभव असतो. नव्या मोबाईलमध्यें संदेश परत घालतांना हें ॲप कांहीं वेळ मुख्य संदेश-ॲप म्हणून नेमावें लागतें; २०१३ पासून अँड्रॉइडचा तसा नियम आहे. काम झाल्यावर नेमणूक पूर्ववत करावी.

पेनड्राइव्ह म्हणजे तांब्याचा पत्रा नव्हे. त्यांतील अक्षरें विजेच्या सूक्ष्म भारानें धरलेलीं असतात आणि वर्षानुवर्षें तसाच पडून राहिला तर तो भार झिरपतो. म्हणून रोवणीपूर्वीं एकदां व धान विकल्यावर एकदां, अशी वर्षांतून दोनदां ताजी प्रत घ्यावी, आणि शक्य तर निराळ्या कंपनीचा दुसरा पेनड्राइव्ह भावाकडे अथवा मुलीच्या सासरीं ठेवावा. पहिला झांकणाच्या डब्यांत, कोरड्या जागीं असावा.

येथें एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. ज्या ॲपला आपण संदेश वाचण्याची परवानगी देतों, त्यास बँकेचा ओटीपीही वाचतां येतो. पी. एम. किसानच्या नांवानें एपीके फायली व्हॉट्सॲपवर फिरवून त्यांच्या द्वारें खातीं रिकामीं करण्याचे प्रकार महाराष्ट्रांत घडले आहेत. तेव्हां ॲप प्ले स्टोअरखेरीज कोठूनही घेऊं नये, आणि प्रत घेऊन झाल्यावर सेटिंगमध्यें जाऊन त्याची परवानगी काढून घ्यावी. सेवा केंद्रावरच्या संगणकावर आपली फाइल उघडली असेल तर ती तेथें ठेवून येऊं नये. तींत आपल्या सर्व खात्यांचा इतिहास आहे. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

अशी प्रत न्यायालयांत चालते काय, हा प्रश्न वाचकांच्या मनांत येईलच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, व त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें विद्युत् नोंदीच्या प्रतीबरोबर विहित नमुन्याचें प्रमाणपत्र लागतें; त्याचा एक भाग प्रत हजर करणाऱ्यानें व दुसरा तज्ज्ञानें भरावयाचा असतो. जुन्या कायद्यांतील ६५-ब कलमाविषयीं सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं जो निर्णय दिला, तो आपल्याच राज्यांतील जालना विधानसभेच्या निवडणुकींतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यांतला होता. त्यांत न्यायालयानें म्हटलें कीं प्रतीस प्रमाणपत्र अवश्य पाहिजे. मात्र मूळ यंत्रच मालकानें स्वतः हजर करून शाबीत केलें तर त्याची गरज नाहीं. यावरून व्यवहाराची गोष्ट निघते ती ही कीं, ज्या संदेशांवर तंटा चालू आहे तो मोबाईल जुना झाला म्हणून बदलींत देऊं नये. पेनड्राइव्हवरची प्रत कार्यालयांत तारीख व क्रमांक दाखविण्यास उत्तम. कचेरीची पायरी चढावयाची वेळ आली तर मूळ यंत्र जवळ असलेलें बरें, आणि वकिलास तें आरंभींच सांगावें.

साधा बटणांचा मोबाईल वापरणाऱ्यांस वरील ॲपांचा उपयोग नाहीं. त्यांच्या यंत्रांत संदेशांची जागाही थोडी असते, व ती भरली कीं जुने पुसावे लागतात. त्यांनीं एक वही करावी व पुसण्यापूर्वीं कामाचे संदेश तींत उतरावे. आलेली तारीख व वेळ, पाठविणाऱ्याचें नांव जसें दिसतें तसें, आणि अर्जाचा अथवा व्यवहाराचा क्रमांक, एवढें पुरेसें आहे. मजकूर संक्षेपानें घेतला तरी चालेल. क्रमांक मात्र लिहून झाल्यावर दुसऱ्याकडून वाचवून ताडून घ्यावा.