कडा कोणाच्या उजव्या हाताला?

सॅन डिएगोजवळ टोरी पाइन्सच्या कड्यावर दुपारी पश्चिमेचा वारा धरतो. पॅसिफिकवरून आलेली हवा शंभरेक मीटरच्या कड्याला थडकते आणि वर चढते. हा चढत्या हवेचा पट्टा अरुंद. मॉडेल ग्लायडर, पॅराग्लायडर, हँगग्लायडर, सगळ्यांना त्यातच उडायचं असतं. 1930 मध्ये चार्ल्स लिंडबर्ग ग्लायडर घेऊन याच कड्यांवरून गेला, तेव्हा त्याला वाट कोणाला द्यायची हा प्रश्न नसावा.

समोरासमोर आल्यावर दोघांनी उजवीकडे वळायचं, हा आकाशातला सर्वसाधारण नियम. पण इथे उत्तरेकडे निघालेल्याच्या उजव्या हाताला कडाच आहे. वळला की आदळला. म्हणून कडा ज्याच्या उजवीकडे, त्याचा हक्क पहिला. दक्षिणेकडे येणाऱ्याने समुद्रावर सरकायचं. वळण घ्यायचं तेही कड्याकडे पाठ करूनच. समोर माणूस बसलेलं काहीही असेल, तर मात्र डावं-उजवं बघायचंच नाही. मॉडेलने मुकाट बाजूला व्हायचं. मॉडेल उडवणाऱ्याचा जमिनीवरून अंतराचा अंदाज फसतो, त्यामुळे शेजारी नजर ठेवणारा एक जोडीदार हवाच.

एक आजोबा अडीच मीटर पंखांचं मॉडेल घेऊन कडेला आले. ट्रान्समीटरची काडी उजवीकडे ढकलली आणि उजवा एलेरॉन वर गेला ना, ते वाकून पाहिलं. काडी मागे ओढली, एलिव्हेटर वर. मग डावीकडे, उजवीकडे, डोक्यावर नजर टाकून ‘लाँचिंग!’ म्हणून ओरडले आणि थांबले. तेवढ्यात कड्याच्या ओठाखालून पॅराग्लायडरचं लाल छत्र वर आलं. वरून ते कोणालाच दिसलं नव्हतं. आजोबांनी हात खाली घेतला, ते पुढे जाऊ दिलं, पुन्हा हाळी दिली आणि पंख सपाट, नाक किंचित खाली ठेवून मॉडेल वाऱ्यात ढकललं. नवखे नाक वर करून भिरकावतात. वेग मरतो, एक पंख पडतो आणि मॉडेल मागच्या माणसांवर येतं.

उतरणाऱ्यापुढे फेकणाऱ्याने थांबायचं. इंजिनच नाही, तर उतरणारा पुन्हा वर कसा जाणार?

आपल्याकडे कामशेतच्या टेकड्यांवर फोमचं ग्लायडर घेऊन जाणार असाल, तर आधी तिथल्या पॅराग्लायडिंगवाल्यांना गाठा. कोण कुठून उडतं, कुठे उतरतं ते विचारा; बॅटरी त्यानंतर जोडा.