स्वयंपाकघरातील शोध

रहस्यकथा म्हटली की काळोखी रात्र, ओसाड वाडा आणि पिस्तूलधारी गुप्तहेर आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु इंग्रजीत या कथांचा एक सौम्य प्रकारही आहे. त्यात खून होतो. मात्र रक्तपाताची वर्णने नसतात, आणि गुन्हेगारास शोधून काढतो तो पोलीस अधिकारी नव्हे, तर एखादा सामान्य पण चौकस मनुष्य. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल, ती विणकाम करीत बसणारी वृद्धा, अशांपैकीच एक.

राकेल व्ही. रेयेस यांची ‘मँगो, मॅम्बो अँड मर्डर’ ही २०२१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी याच कुळातील. तिची नायिका मिरियम ही क्यूबन वंशाची असून अमेरिकेतील मायामी परिसरात राहते. कोणता समाज काय खातो आणि का खातो, हा तिच्या अभ्यासाचा विषय. स्त्रियांच्या एका मंडळात भोजनसमारंभ चालू असताना एक बाई पुढ्यातील अन्नावरच कोसळून मरण पावते. तेथून मिरियमच्या शोधास आरंभ होतो. पुढे पोलीस अधिकारीही तिचे साहाय्य घेतो. कारण स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीत जेथे त्याला वाव नाही, तेथे ती घरचीच असते.

ही वस्ती तेथे कशी आली? १९५९ साली क्यूबात क्रांती झाली. त्यानंतर लक्षावधी लोकांनी मायदेश सोडला. घरे, शेते, दुकाने मागे राहिली. बरोबर आली ती जिभेवरची भाषा आणि जिभेवरचीच चव. कांदा, लसूण आणि ढबू मिरची तेलात परतली की घमघमाट सुटतो आणि परक्या शहरातील खोलीचे क्षणभर घर होते. या परतलेल्या मसाल्यास ते ‘सोफ्रितो’ म्हणतात.

त्यांच्या पदार्थांची नावे तर कोडीच आहेत. ‘रोपा व्हिएहा’ म्हणजे जुने कपडे! मांस इतके शिजवितात की त्याचे धागे सुटून चिंध्यांसारखे दिसू लागतात. काळा घेवडा घालून केलेल्या भातास ‘मूर आणि ख्रिस्ती’ असे नाव आहे. आता क्यूबात मूर कोठले? ते होते स्पेनमध्ये. त्यांचे तेथील शेवटचे राज्य १४९२ साली लयास गेले, आणि त्याच वर्षी स्पेनने धाडलेला कोलंबस क्यूबाच्या किनाऱ्यास लागला. मागाहून आलेल्या स्पॅनिश लोकांबरोबर ती जुनी आठवण भातात येऊन बसली. घेवडा मूळचा अमेरिकेचा, तांदूळ मात्र आशियातून गेलेला.

एका पातेल्याची अशी उलटतपासणी करण्याची जिला सवय, तिला भोजनाच्या वेळी घडलेल्या मृत्यूविषयी प्रश्न पडल्यावाचून कसे राहतील? मुलांनो, कादंबरीच्या नावातील आंब्याचाही माग काढून पाहा. ‘मँगो’ या शब्दाचे मूळ पोर्तुगिजांनी आपल्याच मलबार किनाऱ्यावरून उचलले. खुनी कोण, ते मात्र मी येथे सांगणार नाही.